चर्चच्या दफ्तरात सापडलेला आजार

१/ कोलंबियातील अँटिओकिया प्रांत. तेथील डोंगराळ भागात यारुमाल, अंगोस्तुरा, बेल्मिरा अशी गावे आहेत. या गावांतील काही घराण्यांत माणसे चाळिशी ओलांडली की विसरू लागत. आधी शब्द, मग नेहमीच्या वाटा, अखेरीस पोटची मुलेही. लोक त्याला 'ला बोबेरा', म्हणजे खुळेपणा, म्हणत. कोणी चेटूक मानी, कोणी शाप, तर कोणी भारलेल्या झाडाला हात लागल्याचे फळ.

२/ १९८०च्या दशकात मेदेयिन शहरातील तरुण मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांच्याकडे बेल्मिराचा असा एक रुग्ण आला. वय पन्नाशीच्या आत. त्याचे वडील आणि आजोबाही असेच गेले होते.

३/ यापुढचे काम वैद्यकापेक्षा आपल्या इतिहासप्रेमींना अधिक ओळखीचे वाटेल. लोपेरा आणि परिचारिका लुसिया माद्रिगाल घरोघर फिरले. चर्चच्या दफ्तरातील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी त्यांनी एकमेकींशी जुळवल्या. गनिमी टोळ्या आणि अमली पदार्थांचे तस्कर यांच्या धुमश्चक्रीचा तो काळ. वेगवेगळी वाटणारी कुटुंबे एकाच वंशवृक्षाच्या फांद्या निघाली. तो वृक्ष अठराव्या शतकापर्यंत मागे गेला. पुढे जनुकांच्या अभ्यासाने त्याचे मूळ आणखी मागे, स्पॅनिश वसाहतीच्या काळात आलेल्या एखाद्या युरोपीय पूर्वजापर्यंत नेले. त्या पूर्वजाचे नाव मात्र कोणत्याच वहीत नाही.

४/ १९९५ साली चौदाव्या गुणसूत्रावरील 'प्रेसेनिलिन-१' हे जनुक सापडले. या घराण्यांत त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचा २८०वा घटक बदललेला आहे. एवढ्यानेच मेंदूत अमायलॉइडची चिकट पुटे लवकर साचू लागतात. आई किंवा वडील वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. सरासरी ४४व्या वर्षी पहिली लक्षणे, ४९च्या सुमारास स्मृतिभ्रंश. (आजी चष्मा विसरते म्हणून कोणी घाबरू नये. अल्झायमरच्या शंभर रुग्णांत असा थेट आनुवंशिक रुग्ण जेमतेम एखादा.)

५/ उपाय नसताना आपण वाहक आहोत हे जाणून घ्यावे काय? अनेकांनी नको म्हटले. म्हणून २०१३ साली सुरू झालेल्या औषधचाचणीत वाहक नसलेल्या नातलगांनाही सामील करून घेतले. त्यांना औषधाऐवजी निष्क्रिय द्रव दिला जाई, जेणेकरून केवळ सहभागावरून कोणालाच स्वतःचे भवितव्य कळू नये. २०२२ साली निकाल आला. औषधाने लक्षणीय फरक पडला नव्हता.

६/ दरम्यान, २०१९ साली याच घराण्यातील एका स्त्रीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ती वाहक होती, तिच्या मेंदूत अमायलॉइडची पुटेही भरपूर होती, तरी सत्तरीपर्यंत तिची स्मृती शाबूत राहिली. 'एपीओई' या जनुकाचे 'क्राइस्टचर्च' नावाचे दुर्मीळ रूप तिला आई आणि वडील या दोघांकडूनही मिळाले होते. तिला त्याचेच संरक्षण लाभले असावे, असे संशोधकांना वाटते. ज्या वंशवृक्षात शाप शोधला जात होता, त्याच्याच एका फांदीवर हा दुसरा वारसा निघाला. २०२० साली ती वारली आणि तिचा मेंदू संशोधनासाठी देण्यात आला.