फास्टर फेणे: पुस्तकांच्या मालिकेतून मोठ्या पडद्यावर

मराठी घरांत रहस्यकथा आणि हेरकथांची आवड जुनी आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावे आजोबांच्या पिढीला अजून तोंडपाठ असतात. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला आणि शत्रूच्या गोटात शिरणाऱ्या नायकाच्या गोष्टी छोट्या पुस्तकांतून गावोगावच्या वाचनालयांत पोचल्या. या परंपरेतल्या ज्या नायकाने अलीकडे मराठी सिनेमाच्या मोठ्या पडद्यावर मजल मारली, तो मात्र पोलीस अधिकारी नाही आणि लष्करातला कॅप्टनही नाही. तो फुरसुंगीचा एक किडकिडीत शाळकरी पोरगा आहे: बनेश उर्फ फास्टर फेणे.

फास्टर फेणेचे जनक भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजे आपले भा. रा. भागवत. त्यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला, म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीतले. ‘बालमित्र’ मासिकाचे ते संपादक होते. जूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांच्या हातात दिल्या. त्यांचा बनेश पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो आणि वाऱ्यासारखी सायकल हाणतो. काही सुचले की तोंडाने ‘ट्टॉक्’ करतो. गोष्टी कधी प्रतापगडावर घडतात, कधी गुलमर्गला. विमानचोरांशी गाठ पडते, आणि एका साहसाला तर चीनच्या युद्धाची पार्श्वभूमी आहे. मोठ्यांच्या हेरकथांत येते ते सारे इथे आहे. फरक एवढाच की नायकाकडे पिस्तूल नाही, सायकल आहे, आणि सुटी संपली की त्याला शाळेत परतायचे असते.

पुस्तकांची मालिका पडद्यावर आणणे हे एका कादंबरीवर चित्रपट करण्यापेक्षा वेगळे काम आहे. कादंबरीला एक कथानक असते. ते कापता येते, लांबवता येते. मालिकेत कथानके वीस असतात, आणि वाचकाच्या मनात मात्र कुठलेच पूर्ण राहत नाही. राहतो तो नायक, त्याच्या लकबी, त्याचे बोलणे. म्हणून पटकथाकाराला आधी ठरवावे लागते की पुस्तकातली गोष्ट घ्यायची की फक्त माणूस उचलून नव्या गोष्टीत ठेवायचा.

याचे जगभर गाजलेले उदाहरण जेम्स बाँडचे. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी ‘कसिनो रोयाल’ १९५३ची. पण तिचे चित्रपटाचे हक्क आधीच दुसरीकडे विकले गेले होते, म्हणून निर्मात्यांनी सुरुवात केली ती सहाव्या पुस्तकापासून, १९६२च्या ‘डॉक्टर नो’ने. मालिकेचा क्रम लेखक ठरवतो, पडद्यावरचा क्रम पुष्कळदा वकील ठरवतात! सुरुवातीचे चित्रपट पुस्तकांना बरेचसे धरून होते. पुढे ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) करताना फक्त नाव वापरायची परवानगी होती, गोष्ट नवी रचावी लागली. आपल्या जवळचे उदाहरण ‘ऑक्टोपसी’चे. १९८३च्या या चित्रपटासाठी उदयपूरला चित्रीकरण झाले, आणि पिचोला तलावातला तो पांढरा महाल आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिलेला आहे. फ्लेमिंगच्या मूळ कथेत उदयपूर नाही, भारतही नाही. ती घडते जमैकात.

बंगालीत गोष्ट उलट झाली. सत्यजित राय यांनी स्वतः लिहिलेल्या फेलूदाच्या कथांवर स्वतःच ‘सोनार केल्ला’ (१९७४) आणि ‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७९) हे चित्रपट केले. लेखक आणि दिग्दर्शक एकच, त्यामुळे वाद घालायला कोणी उरलेच नाही.

फास्टर फेणे आधी छोट्या पडद्यावर आला. १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि बनेशचे काम सुमीत राघवन यांनी केले. वयाने शाळकरी नायक आणि दर वेळी नवे साहस, हे मालिकेच्या साच्यात सहज बसते. चित्रपटात मात्र दोन-सव्वादोन तासांत सगळे मांडून संपवायचे असते.

‘फास्टर फेणे’ हा चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. भागवतांचे निधन २००१ साली याच तारखेला झाले होते. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पटकथा क्षितिज पटवर्धन यांची, आणि निर्मितीमागे रितेश व जिनिलिया देशमुख यांची मुंबई फिल्म कंपनी. बनेशच्या भूमिकेत अमेय वाघ. या मंडळींनी पुस्तकातली एकही गोष्ट जशीच्या तशी घेतली नाही, माणूस घेतला. त्यांचा बनेश वयाने मोठा आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी तो पुण्यात येतो, परीक्षेच्या निमित्ताने एका मुलाशी ओळख होते आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या मृत्यूची बातमी येते. आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवले जाते. बनेशला ते पटत नाही, आणि शोध घेत घेत तो परीक्षेच्या घोटाळ्यापर्यंत पोचतो. समोर गिरीश कुलकर्णींचा अप्पा आहे. मऊ आवाजात बोलणारा हा खलनायक चित्रपटात सर्वांत जास्त लक्षात राहतो.

दिलीप प्रभावळकरांनी यात भागवत नावाच्या वृद्ध गृहस्थांची भूमिका केली आहे. लेखकालाच आपल्या नायकाच्या पाठीशी उभे करण्याची ही कल्पना फार छान आहे, आणि पुस्तके वाचलेल्यांना ती जास्त भिडते.

आता थोडे आमच्या मताचे. नायकाचे वय वाढवणे व्यवहाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. शाळकरी मुलावरच्या चित्रपटाला बालचित्रपट म्हणून बाजूला ठेवले जाते आणि त्याला खेळ कमी मिळतात. शिवाय मेडिकलच्या प्रवेशाची धास्ती घराघरांत आहे, आपल्या तरसालीतही आहे, त्यामुळे गोष्ट खरी वाटते. पण या बदलाची किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुलाने मोजली आहे. पुस्तकातला बनेश त्याच्याच वयाचा सवंगडी होता, पडद्यावरचा बनेश त्याचा दादा झाला. विद्याभवन, सुटीतले प्रवास, मामेभाऊ-मावसबहिणींची गडबड मागे पडली. चित्रपट उत्तम रहस्यपट आहे, मात्र तो लहान मुलांसाठी नाही.

बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न जरा अधिक टोचतो. आपली मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. देवनागरी त्यांना हिंदीमुळे वाचता येते, मराठी कानाला सवयीची असते, पण मराठी पुस्तक उघडून बसण्याची सवय नसते. अशा मुलाला चित्रपट पाहून बनेशची ओळख झाली, की पुस्तकाची गरजच उरली नाही असे वाटण्याचा धोका आहे. म्हणून पालकांना सुचवावेसे वाटते की क्रम उलटा ठेवावा. नऊ-दहाव्या वर्षी पुस्तक, आणि चित्रपट तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर, शक्यतो मोठ्यांबरोबर बसून, कारण त्यात विद्यार्थ्याचा मृत्यू आणि बरीच मारामारी आहे.

भागवतांची मराठी अशा मुलांना सोयीची आहे. प्रकरणे छोटी, संवाद भरपूर, वाक्ये पळती. सुरुवातीची दोन प्रकरणे आईने किंवा आजीने मोठ्याने वाचून दाखवावीत. ‘ट्टॉक्’ नीट वाजवता आले की पुढचे मूल स्वतःहून मागते. फुरसुंगी कुठे, विद्याभवन कसली शाळा, हे प्रश्न येतीलच, तेव्हा पुण्याचा नकाशा जवळ असू द्यावा.

या मालिकेची वीसेक पुस्तके आहेत. पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने ती संचरूपात काढली असून सुटी पुस्तकेही मिळतात. क्रमाने वाचायची सक्ती नाही, प्रत्येक साहस स्वतंत्र आहे. किल्ल्यांची आवड असलेल्या मुलाला ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ द्यावे, आणि काश्मीरला जाऊन आलेल्या कुटुंबांनी ‘गुलमर्गचे गूढ’पासून सुरुवात करावी.