कलमाचा चाकू : पोलादी पात्याची निगा व गंजापासून संरक्षण

पुणे परिसरातील रोपवाटिकांत पावसाळ्यात आंब्याच्या कलमांची लगबग असते. याच काळात हवा दमट असल्याने चाकूचे पाते लवकर गंजते. गंजलेले, खाचा पडलेले पाते साल फाडते. काप सपाट न आल्यास खुंट आणि कलमकाडी नीट जुळत नाहीत आणि कलमे वाया जातात. म्हणून पात्याची निगा हा कलमाच्या कामाचाच भाग समजावा.

पाते का गंजते?
स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याचा पातळ थर पात्याचे रक्षण करतो. साध्या कार्बन पोलादाला हे कवच नसते. मात्र ते दगडावर लवकर धारदार होते, म्हणून अनेक कारागीर तेच पसंत करतात. पाणी आणि हवा मिळाली की त्यावर गंज चढतो. घाम, खत व झाडाचा आंबट रस यांमुळे तो वेगाने वाढतो.

कैरी किंवा ओली काडी कापल्यावर येणारा राखाडी-काळा डाग हा लाल गंज नव्हे. तो घासून काढण्याची गरज नाही. लालसर, खरखरीत डाग मात्र लगेच काढावा.

रोज काम संपल्यावर
- चिकट चीक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा.
- पाते ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसावे. घडीचा चाकू असेल तर सांध्यातील माती काढून तो उघडा ठेवून वाळवावा.
- शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पात्याला आणि एक थेंब सांध्यात द्यावा.
- दुसऱ्या दिवशी कलम बांधण्यापूर्वी तेल स्पिरिटने पुसावे. कापावर तेल लागता कामा नये.

निर्जंतुक करताना
डाळिंबावरील तेल्यासारखा रोग अवजारांतून पसरतो. त्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट पोलादाला गंज चढवते. ते वापरल्यास काम संपताच पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून तेल लावावे. चाकूसाठी ७० टक्के अल्कोहोल अधिक सोयीचे. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने आगीपासून दूर ठेवावे.

गंज चढला असल्यास
हलका गंज तेल लावून बारीक स्टीलवूलने घासावा. जाड गंजासाठी पाते काही तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवावे. लाकडी मूठ बाहेर ठेवावी. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच पुसून तेल लावावे. धार पाणी लावून दगडावर काढावी. कोरड्या ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत तापले तर पोलाद मऊ होते आणि धार टिकत नाही. एकाच बाजूने उतार असलेला चाकू त्याच बाजूने घासावा.

जुने चाकू जपायचे असल्यास
घरातील जुने घडीचे चाकू, विळे, अडकित्ते पिढ्यानपिढ्या टिकू शकतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहिले की याची खात्री पटते. अशा वस्तू चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडे ओल धरते. तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून प्रत्येक पाते तपासावे. फळे-भाज्या कापायच्या चाकूला मशीनचे तेल न लावता औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे.