हिवाळ्यातली खरेदी

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. आयपीएलच्या लिलावात कोणावर किती कोटी उधळले यावर अर्धा तास बोलून झाल्यावर स्वारीने विचारलं, "मामा, तुमच्या बेसबॉलमध्ये पण असंच असतं का रे?" मी म्हटलं, लिलाव नसतो, उधळपट्टी असते. मग रंगात येऊन सांगायला लागलो, तेवढ्यात ताईने त्याला जेवायला हाक मारली आणि गोष्ट अर्धवट राहिली. म्हटलं, ब्लॉगवरच लिहून टाकावी. तशीही इथे बऱ्याच दिवसांची धूळ साचली आहे. ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही (आई, हे तुझ्यासाठी) त्यांनीही वाचायला हरकत नाही. मैदानावरचं यात फार थोडं आहे.

मी न्यू जर्सीत आलो १९९८ च्या शेवटी. न्यू यॉर्क यांकीजनी त्या हंगामात ११४ सामने जिंकून वर नुकतीच वर्ल्ड सीरिजही मारली होती. ऑफिसात, दुकानात, ट्रेनमध्ये तोच विषय. मी आपला नव्या माणसाच्या आगाऊपणाने शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालो, "पैसेवाल्यांची टीम, जिंकणारच." तो निवृत्त पोस्टमन, पिढीजात यांकीजवाला. बर्फ उपसायचं फावडं भिंतीला टेकवून म्हणाला, "पैसे काय, ऐंशीच्या दशकातही होते. तेव्हा का नाही जिंकलो?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं तेव्हा त्याचा प्रश्न कळला.

मागचा संदर्भ थोडक्यात. जवळजवळ शंभर वर्षं अमेरिकेतला बेसबॉलपटू ज्या टीमचा, त्या टीमच्या दावणीला बांधलेला असे. करार संपला तरी हक्क मालकाचाच. १९६९ साली सेंट लुइसने कर्ट फ्लडला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं तेव्हा तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. पण वाट मोकळी झाली होती. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सायट्झ नावाच्या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि दावं तुटलं. पुढे तडजोड होऊन ठरलं की मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, म्हणजे 'फ्री एजंट'. जो जास्त देईल त्याच्याकडे जा.

आता यातली गोम बघा. पहिली सहा वर्षं पोरगा तुलनेने स्वस्तात मिळतो, त्यातली पहिली दोन-तीन तर अगदीच. मोकळा होतो तेव्हा तिशीच्या आसपास असतो. म्हणजे हिवाळ्यात तुम्ही कोट्यवधी डॉलर मोजता ते त्याने काल काय केलं यासाठी, आणि तुमच्या वाट्याला येतो त्याचा उद्या.

यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर. क्लीव्हलंडचा जहाजबांधणीवाला माणूस. १९७३ मध्ये भागीदारांसह ही टीम साधारण एक कोटी डॉलरला घेतली. फ्री एजंट हा प्रकार जणू त्यांच्यासाठीच जन्माला आला होता. १९७४ च्या थर्टीफर्स्टला कॅटफिश हंटरला आणलं (त्याच्या जुन्या मालकाने करारातली एक अट मोडल्यामुळे तो सायट्झ निकालाच्या आधीच सुटला होता), १९७६ च्या हिवाळ्यात रेजी जॅक्सनला आणलं आणि १९७७, १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरिज जिंकली. जुगाऱ्याला पहिल्याच रात्री मोठा डाव लागावा तसं झालं. आता त्याला उठवणार कोण!

डिसेंबर १९८० मध्ये डेव्ह विनफिल्डशी दहा वर्षांचा, सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. विनफिल्ड उत्तम खेळाडू होता, त्यात वाद नाही. पण १९८१ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याला २२ प्रयत्नांत एकच हिट मिळाली, टीम हरली आणि मालकांचं डोकं फिरलं ते फिरलंच.

महागडी माणसं आणायची म्हणजे नुसता पैसा जात नाही. त्या काळच्या नियमाने बऱ्याचदा नव्या पोरांच्या निवडीतली आपली पहिली संधी जुन्या टीमला द्यावी लागे. आणि जिथे पैशाने भागत नसे, तिथे दुसऱ्यांचे तयार खेळाडू घ्यायला आपली पोरं द्यायची. माझ्या मते खरी यादी ही आहे. १९८१ मध्ये विली मॅगी नावाचा पोरगा बॉब साइक्सच्या बदल्यात दिला. साइक्स यांकीजसाठी एकही सामना खेळला नाही, मॅगी १९८५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८२ च्या डिसेंबरात डेल मरे हा पिचर हवा म्हणून टोरांटोला जे खेळाडू दिले, त्यात एकोणीस वर्षांचा फ्रेड मॅग्रिफ होता. त्याने पुढे ४९३ होमरन मारले आणि २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९८६ मध्ये २४ वर्षांचा डग ड्रेबेक देऊन ३३ वर्षांचा रिक रोडन घेतला. ड्रेबेकने १९९० मध्ये पिट्सबर्गसाठी साय यंग पुरस्कार मिळवला. जे ब्यूनरची कथा तर इतकी गाजली की 'साइनफेल्ड' मालिकेत त्यावर विनोद झाला.

दर हिवाळ्यात "यंदा जिंकायचंच". आणि 'यंदा' म्हटलं की एकोणीस वर्षांचं पोरगं निरुपयोगीच दिसणार, नाही का? मला त्या मॅग्रिफचं फार वाटतं. त्याच्यात काय आहे हे बघायला कोणाकडे तीन-चार वर्षं नव्हती, एवढीच त्याची चूक.

१९९० मध्ये टीमने ६७ सामने जिंकले, ९५ हरले. आपल्या गटात तळाला. त्याच जुलैत उघड झालेल्या गोष्टीचा निकाल लागला: विनफिल्डविरुद्ध काही सापडतं का बघायला स्टाइनब्रेनर यांनी हॉवर्ड स्पायरा नावाच्या एका जुगारी माणसाला ४० हजार डॉलर दिले होते. कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी त्यांना टीमच्या कारभारातून दूर केलं. बातमी यांकी स्टेडियममध्ये पसरली तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या मालकाच्या हकालपट्टीला! आमचा शेजारी म्हणतो, मी तिथे होतो. खरं-खोटं देव जाणे, अर्धं न्यू जर्सी तिथे होतं असं ऐकतो.

कारभार आला जीन मायकल यांच्याकडे. सडपातळ म्हणून टोपणनाव 'स्टिक'. एके काळचे यांकीजचेच शॉर्टस्टॉप, मग मॅनेजर, आणि त्या पदावरून याच मालकांनी दोनदा काढलेले. त्यांनी काय केलं? बरंचसं काही केलंच नाही. पोरं विकली नाहीत. बर्नी विल्यम्स हा गिटार वाजवणारा लाजाळू मुलगा वर आला, चाचपडला, तरी ठेवला. पनामाच्या मारियानो रिव्हेराला दोन-तीन हजार डॉलरमध्ये घेतलं होतं. १९९० च्या निवडीत अँडी पेटिट बाविसाव्या आणि होर्हे पोसाडा चोविसाव्या फेरीत मिळाले होते, म्हणजे जवळजवळ उरलेसुरले. १९९२ मध्ये डेरेक जीटर आला. सगळे खालच्या लीगमध्ये बसने हिंडत मोठे होत राहिले, कारण वरून फोन करून "हे कार्टं द्या आणि कोणीतरी आणा" म्हणणारं माणूस घरी बसलं होतं.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून ब्रायन टेलरबद्दलही सांगतो. १९९१ च्या निवडीत देशभरातून पहिला. यांकीजनी साडेपंधरा लाख डॉलर मोजले, तेव्हा ती केवढी रक्कम होती! डिसेंबर १९९३ मध्ये घराकडे झालेल्या एका मारामारीत त्याचा खांदा गेला. मेजर लीगमध्ये तो एक चेंडूही टाकू शकला नाही. चोविसाव्या फेरीतला पोसाडा टिकला आणि पहिला नंबर गेला. पोरांवर विश्वास ठेवणं हाही जुगारच, फक्त निकाल उशिरा लागतो.

आणि मायकल यांना खरेदीचं वावडं होतं असंही नाही. १९९२ चा हिवाळा बघा. बॅरी बाँड्स हवा होता, तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. ग्रेग मॅडक्सला ३ कोटी ४० लाख देऊ केले, तो २ कोटी ८० लाखांत अटलांटाला गेला. तेव्हा त्यांनी जिमी की आणि वेड बॉग्ज घेतले, आणि अदलाबदलीत पॉल ओनीलला आणलं. पण या सगळ्या धावपळीत बर्नी जिथल्या तिथे.

१ मार्च १९९३ ला स्टाइनब्रेनर परतले. म्हणतात की त्यांनी मायकल यांना हुकूम सोडला, सगळ्या टीमना फोन करा आणि बर्नीला गिऱ्हाईक शोधा. मायकल यांनी सगळ्यांना फोन केले आणि बर्नीचं नाव कोणाकडेच काढलं नाही. मालकांना सांगितलं, कोणी विचारत नाही. (ऑफिसात हा उपाय मीही एकदा केला आहे. तपशील विचारू नये.)

१९९५ नंतर मायकल यांचं ते पद गेलं. १९९६ च्या वसंतात पुन्हा प्रसंग आला. जीटर अजून तयार नाही असं मालकांच्या कानावर घातलं गेलं. सिएटलचा फेलिक्स फर्मिन मिळत होता आणि बदल्यात रिव्हेरा द्यायची गोष्ट चालली होती. मायकल आणि इतरांनी समजावून समजावून ती थांबवली. फर्मिनची मेजर लीगमधली कारकीर्द त्याच वर्षी संपली. जीटर त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, रिव्हेरा पुढे ६५२ सेव्ह करून निवृत्त झाला, आणि यांकीजनी अठरा वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. मग १९९८, १९९९, २०००.

गंमत म्हणजे मी इथे उतरलो त्याच हिवाळ्यात तो बर्नी स्वतःच महागडा फ्री एजंट झाला होता. बॉस्टनला जाता जाता राहिला, सात वर्षांचे ८ कोटी ७५ लाख डॉलर घेऊन.

भाच्या, तू आता विचारशील की मग पैसे टाकून जिंकता येतच नाही का? येतं की. २००८ च्या हिवाळ्यात सबाथिया, टेक्शेरा आणि बर्नेट या तिघांवर मिळून ४२ कोटींहून जास्त डॉलर ओतले आणि २००९ ला जिंकले. शेजारी त्या रात्री फार खूश होता. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी भेटला तेव्हा बोलत मात्र होता पोसाडा, जीटर, पेटिट आणि रिव्हेराबद्दलच. चौघेही अजून त्याच टीममध्ये होते ना.

ट्रेंटनला आम्ही यांकीजच्या ज्युनियर टीमचे सामने बघायला जायचो आणि लेकीने एका पोराची सही घेतली होती, ते लिहायचं राहिलंच. पुढच्या वेळी. चेंडू अजून शोकेसमध्ये आहे, सही कोणाची ते मात्र आम्हाला आजवर वाचता आलेलं नाही.