खोलीचा मोह

संगणकाच्या पडद्याला 'डेस्कटॉप' म्हणताना आपण एक रूपक उच्चारत असतो, याचे भान आता कोणाला राहिलेले नाही. रूपक फार रुळले की त्याचे असेच होते. झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकाने १९८१ साली कागद, फोल्डर, आवक-जावक पत्रांचे ट्रे यांची चित्रे मांडून कचेरीतले मेज पडद्यावर आणले. १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने ते सामान्य ग्राहकापर्यंत नेले. या मेजाकडे थोडे त्रयस्थपणे पाहिले तर ते भलतेच विचित्र आहे. ते भिंतीसारखे उभे असते, तरी त्यावरचे कागद घसरत नाहीत. कचऱ्याची टोपली मेजाखाली नसून मेजावरच असते. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी शंभर फोल्डर ठेवले तरी जाडी केसभरही वाढत नाही. रूपकात उपमान आणि उपमेय यांचा अभेद कल्पिलेला असतो, असे आलंकारिक सांगतात. येथे मात्र मेजाचे जे गुण अडचणीचे, ते या अभेदातून गुपचूप वगळले होते. त्यातच त्याचे यश होते.

पुढे काही अत्यंत बुद्धिमान माणसे हे वगळलेले गुण परत आणण्यासाठी झटली. त्यांना नुसते मेज पुरेना, खोली हवी होती. (मराठीत 'खोली' म्हणजे दालनही आणि खोलपणाही; या प्रकरणासाठी इतका नेमका शब्द दुसरा सुचत नाही.)

या हट्टाला हसण्यापूर्वी त्याचे कूळ पाहावे. मेजवानीच्या दालनाचे छत कोसळले, प्रेते ओळखेनात. तेव्हा कोण कुठे बसले होते हे आठवून सायमनाइडीज या ग्रीक कवीने प्रत्येकाची ओळख पटवली, अशी कथा सिसेरोने सांगितली आहे. वस्तूची जागा लक्षात राहिली की वस्तू सापडते, या सूत्रावर रोमन वक्त्यांची स्मृतिविद्या उभी होती. फ्रान्सिस येट्स यांनी १९६६ सालच्या ग्रंथात तिचा इतिहास लिहिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीमध्ये निकोलस निग्रोपाँटे आणि रिचर्ड बोल्ट यांनी भिंतीएवढ्या पडद्यासमोर खुर्ची मांडून माहिती 'जागेवर' ठेवण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या मनात हाच सायमनाइडीज होता.

नंतरची पावले भराभर पडली. १९९१ मध्ये झेरॉक्सच्याच पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात कार्ड, रॉबर्टसन आणि मॅकिनले यांनी त्रिमितीय दालने आणि फिरते शंकू वापरून माहिती मांडली. सिलिकॉन ग्राफिक्सचा, फायलींच्या ठोकळ्यांवरून उडत नेणारा प्रोग्राम १९९३ च्या 'जुरासिक पार्क' चित्रपटात झळकला. १९९५ चा 'मायक्रोसॉफ्ट बॉब' सपाट चित्रांचा होता, पण त्यालाही घरच हवे होते : दार, शेकोटी, कुत्रा, कागद-लेखणीवर टिचकी मारली की लेखन सुरू. तो लवकरच गुंडाळला गेला.

आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटतो तो १९९८ चा 'डेटा माउंटन'. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेलेल्या रॉबर्टसन यांनी सहकाऱ्यांसह एक उतरती टेकडी पडद्यावर रेखली आणि लोकांना शंभर वेबपृष्ठांची छोटी चित्रे तिच्यावर मनाप्रमाणे मांडायला सांगितली. नेहमीच्या यादीपेक्षा येथे ती लवकर सापडली. काही महिन्यांनंतरही जागा स्मरणात होत्या. सायमनाइडीज जिंकला, असे वाटावे. पण टेकडी म्हणजे शेवटी एक कललेला पृष्ठभागच. जिंकली ती जागा की खोली, हा प्रश्न उरलाच. न्यूझीलंडमधील अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेन्झी यांनी २००२ मध्ये तो सरळ विचारला. त्यांनी पडद्यावर आणि प्रत्यक्ष वस्तूंच्या साहाय्याने, अशा दोन्ही प्रकारे सपाट, अर्धखोल आणि पूर्ण खोल मांडण्या तपासल्या. तिसऱ्या मितीची मोकळीक जसजशी वाढली तसतसे शोधणे कठीण झाले, आणि तेही दोन्हीकडे. दोष केवळ पडद्याच्या काचेचा नव्हता.

तरीही खरा बहर यानंतरच आला. सन कंपनीच्या 'लुकिंग ग्लास'मध्ये खिडकी उलटून तिच्या पाठीवर टिपण लिहिता येई. २००६ मध्ये लिनक्सवर 'कॉम्पिझ' आला आणि डेस्कटॉपचा फिरता घन झाला. २००७ च्या सुमारास आम्ही मित्रमंडळींनी तो घन रात्र-रात्र फिरवला आहे. त्या रात्रींत एक ओळही लिहून झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. विंडोज व्हिस्टामध्ये त्याच सुमारास आलेली खिडक्यांची तिरकी रांग २०१२ च्या विंडोज ८ मध्ये नाहीशी झाली.

टोरांटोच्या आनंद अगरवाला यांचा 'बम्पटॉप' अधिक प्रामाणिक होता. त्यातील कागदांना वजन होते. ते ढकलले जात, चुरगळत, त्यांचे ढीग होत. रूपक सर्व अंगांनी पुरे करण्याची ही पराकाष्ठा. आपल्या परिभाषेत, सांगरूपक. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणेश आठवावा : तेथे मूर्तीचा एकेक अवयव वाङ्मयाचे एकेक अंग दाखवतो, म्हणून ते रूपक वाढूनही जड होत नाही. चुरगळलेल्या कागदाने 'हे नको आहे' एवढे सांगितले, पण खोलीच्या चार भिंतींनी फायलीविषयी काहीच नवे सांगितले नाही.

दरम्यान फायलीला जागा असावी ही गरजच ओसरत चालली होती. २००४ मध्ये गूगलने आणि २००५ मध्ये ॲपलने संगणकातील मजकूर शोधणारी साधने आणली. फाईल कुठे ठेवली हे न आठवता तिच्यातला एखादा शब्द आठवला की भागू लागले. आमच्या घरातील जुन्या कपाटातले पुस्तक आम्ही अजून अंधारातही काढू शकतो. पण स्वतःचा गेल्या वर्षीचा लेख मात्र शब्द टाकूनच शोधावा लागतो, आणि शब्द आठवला नाही तर तो हरवल्यातच जमा. २०१० मध्ये बम्पटॉप विकत घेतला गेला आणि लोकांना मिळेनासा झाला. घेणारी कंपनी होती गूगल.