फणसाचा बुडखा आणि अमात्यांची आज्ञा

रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेलं ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीचा ग्रंथ. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मजकूर आरमाराच्या प्रकरणात आहे आणि तो झाडांविषयी आहे. जहाजांना लाकूड लागतंच. सागवान परवानगी घेऊन आपल्या रानातून तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. सूट एकच: झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. जबरदस्ती मुळीच नको.

हे लिहिलं गेलं तेव्हा हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग कान्होजी आंग्र्यांकडे होता. आमचं घर त्याच पट्ट्यात, दापोली तालुक्यात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि परड्यातला बरका फणस कमरेच्या उंचीवर मोडला. फांद्या सरपणाला गेल्या, बुडखा तेवढा राहिला.

पुतण्याला तिथे गाडी लावायची होती. जेसीबी एका तासात उपटेल, असं त्याचं म्हणणं. मोठ्या काकूंनी लग्नानंतर स्वतः आठळी लावून तो फणस वाढवलेला. त्या म्हणाल्या, “अरे, पालवी फुटतेय त्याला. थांब की जरा.” आम्ही थांबलो. अमात्यांच्या दोन्ही अटी इथे लागू होत्या: झाड खरोखर कामातून गेलं आहे का, आणि ज्याने वाढवलं तो राजी आहे का. बुडखा कधी काढावा याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

पुढे पालवी वाळली. मग गावातल्या सुताराला बोलावलं. त्याने कुऱ्हाडीच्या तुंब्याने चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. बाहेरचा पांढरा भाग भुसभुशीत, वाळवीने पोखरलेला. आतला पिवळा गाभा मात्र ठणठणीत. फणसाचं मोल या गाभ्यातच असतं. कोकणातल्या जुन्या घरांचे खांब, दारं, पाट, देव्हारे त्यातूनच झाले, आणि दक्षिणेत वीणा-मृदंगही. “आता फार थांबलात तर गाभाही जाईल, आणि वाळवी घराच्या वाशांकडे वळेल,” तो म्हणाला. पण वैशाखात खणायला त्याने साफ नकार दिला. तेव्हा जांभ्याची जमीन दगड होते. पावसाळा सरला की मऊ माती मुळं सोडते. दिवसही त्यानेच ठरवला, वद्य पक्षातला. वद्यात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, ही सुतारांची जुनी समजूत. खरी-खोटी कुणी पडताळावी. मला त्यातला थांबण्याचा संयम आवडतो.

झाडापुढे विडा-नारळ ठेवून गाऱ्हाणं घालण्याची रीत तर फारच मागे जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी रात्री त्याची पूजा करून, त्यावर राहणाऱ्या भुतांना दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करायला सांगितलं आहे. आपल्या राज्याचा 1964 चा वृक्षतोड कायदाही आंबा-फणसाला संरक्षण देतो, अगदी खाजगी जागेतल्यासुद्धा. कायद्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. धन्याच्या संतोषाचा विचार मात्र अमात्यांनीच केला.

कार्तिकात काकूंनी स्वतः विडा ठेवला, मगच कुदळ पडली. गाभ्यातून पाट निघाले, आणि खड्डा बुजवून तिथे काकूंनी आठळी लावली. गाडी बाहेर रस्त्यावरच उभी असते.

ज्यांच्या परड्यात असा बुडखा उभा असेल, त्यांनी जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी सुताराला दाखवावा, आणि त्याच्याही आधी घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारावं.