‘देशी’ पोलाद म्हणजे नेमकं कोणतं?

मी काही अर्थशास्त्राचा माणूस नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे एखादा शब्द सगळेच बिनदिक्कत वापरू लागले, की त्याची उलटतपासणी करावीशी वाटते. आजचा शब्द आहे ‘देशी उत्पादक’.

पोलादाच्या वस्तू दोन टप्प्यांत बनतात. आधी भट्टीत पोलाद तयार करून त्याचे ठोकळे पाडायचे; त्यांना स्लॅब, बिलेट म्हणतात. मग ते रोलिंग मिलमध्ये लाटून पत्रा किंवा सळई काढायची. आता मला सांगा, मळलेली कणीक विकत आणून पोळ्या घरी लाटल्या, तर त्या घरच्या की बाहेरच्या?

हा प्रश्न ब्रिटनला फार महागात पडला. 1870च्या दशकात सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून आणि त्याचा रसायनशास्त्रज्ञ चुलतभाऊ पर्सी यांनी साउथ वेल्समधल्या ब्लेनावॉनला प्रयोग करून लोखंडातलं फॉस्फरस काढून टाकण्याची युक्ती शोधली. पण गंमत बघा, तिचा मोठा लाभ झाला तो जर्मनी-बेल्जियमला. लोरेनसारख्या भागातलं फॉस्फरसयुक्त खनिज त्यामुळे कामी आलं आणि तिथलं स्वस्त अर्धतयार पोलाद ब्रिटनच्या बंदरांत उतरू लागलं.

इथे ब्रिटिश उत्पादकांत फूट पडली. भट्टीवाले म्हणत, या मालाने आम्ही बुडतोय, जकात लावा. स्वतःची भट्टी नसलेले लाटणारे गिरणीवाले म्हणत, जकात लावाल तर आम्ही बुडू, हा आमचा कच्चा माल आहे! ठोकळा तोच, एकासाठी परका पक्का माल, दुसऱ्यासाठी कच्चा. आणि दोघेही देशीच. मग सरकारने वाचवायचं कोणाला?

जागतिक मंदीत पारडं भट्टीवाल्यांकडे झुकलं. 1932मध्ये पोलादावर 33⅓ टक्के आयातशुल्क लागलं. 1935मध्ये काही प्रकारांवर ते 50 टक्क्यांपर्यंत नेलं, ते युरोपातल्या पोलाद-कार्टेलला वाटाघाटीत नमवण्यासाठी. कार्टेल नमलं, आयातीवर मर्यादा मान्य झाली. भट्ट्या सावरल्या, लाटणाऱ्यांना मात्र कच्च्या मालासाठी त्यांच्याच तोंडाकडे पाहावं लागलं.

आता पुन्हा त्याच साउथ वेल्समध्ये या. 30 सप्टेंबर 2024 रोजी पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझली. मालक आपले टाटा. भट्टी तोट्यात होती, हे त्यांचं कारण. हजारो घरांचा रोजगार गेला, हेही तितकंच खरं. विजेची भट्टी उभी राहीपर्यंत तिथली मिल बाहेरून आलेल्या स्लॅब लाटणार. त्यांत भारतातल्याही आहेत.

म्हणजे मालक भारतीय, ठोकळा परदेशी, कामगार वेल्सचा. यातलं देशी काय? माझं उत्तर एवढंच: ‘देशी उद्योग वाचवा’ असं कोणी म्हणालं, की आधी विचारा, यातला कोणता टप्पा आणि कोणाचे हात? उत्तर न देता लावलेली जकात एका देशी माणसाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढते, आणि न लावलेली जकातही तेच करते.