आधी नोंद, मग पोच



निरोप पोचविणे आणि निरोप जपणे ही दोन निराळी कामे आहेत, हे पुण्याच्या माणसाला वास्तविक सांगावे लागू नये. पेशवाईत जासूद कागद घेऊन येई. तो योग्य हाती पडला की जासुदाचे काम संपे. कागदाचे काम मात्र तेथून सुरू होई. व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत होई आणि कागद रुमालात बांधून दफ्तरी ठेवला जाई. १८१८ साली पेशवाई गेली, रुमाल राहिले. पुढे इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, तेव्हा याच दफ्तराच्या आधारे कित्येक घराण्यांची इनामे टिकली वा गेली. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेही याच रुमालांतून. जासुदांची नावे कोणाला ठाऊक नाहीत; दफ्तर मात्र अजून बोलते आहे.

आता जासुदाची जागा संगणकाने घेतली आहे. १९८० नंतरच्या दशकात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी अमेरिकेत ‘इन्फर्मेशन बस’ ही यंत्रणा उभारली. पाठविणाऱ्याने बातमी एकदा सोडावी आणि ज्याने ज्या विषयाची मागणी नोंदविली असेल त्याला ती आपोआप मिळावी, अशी ती योजना. शेअरबाजाराच्या पेढ्यांना ती फार मानवली. अशा मध्यस्थाला ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात. पुष्कळ ब्रोकरांची रीत जासुदाचीच: घेणाऱ्याने पोच दिली की रांगेतला निरोप पुसला जातो. २०११ साली सर्वांना खुल्या झालेल्या ‘काफ्का’त निरोप काही काळ राहतो, पण वेगळी मुदत नेमली नाही, तर सातच दिवस. आमचा पगार महिन्याने होतो!

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी येथेच, धायरीतल्या एका कारखान्यात, अकरा कामगारांच्या रात्रपाळीच्या जादा तासांची हजेरी नाहीशी झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे त्या तासांचा दुप्पट दर मिळायचा. मालक म्हणाले, “यंत्रात नोंद नाही.” बोटे तर सर्वांनी टेकविली होती! शेवटी तिथल्याच एका संगणकवाल्या पोराने उलगडा केला. घेणारा प्रोग्राम पोच आधी देई आणि नोंद मागाहून करी. मधल्या क्षणाला वीज गेली. रांगेतून निरोप पुसला गेला आणि दफ्तरी पडलाच नाही. फाटकावरच्या वॉचमनची शाईने लिहिलेली वही होती, म्हणून पैसे मिळाले.

तेव्हा पहिला नियम असा: आधी नोंद, मग पोच. याने एक अडचण उभी राहते. नोंद झाली आणि पोच देण्यापूर्वी वीज गेली, तर ब्रोकर तोच निरोप पुन्हा धाडतो आणि आठ तासांचे सोळा होतात. म्हणून दुसरा नियम: प्रत्येक निरोपाला उगमापाशीच स्वतःचा क्रमांक द्यावा. तो क्रमांक दफ्तरात आधीच असेल, तर दुसरी प्रत घेऊ नये.

असे दफ्तर ठेवायला ‘डॉक्युमेंट डेटाबेस’ सोयीचा पडतो. २००९ साली आलेला ‘मोंगोडीबी’ हा त्यातलाच. तेथे प्रत्येक निरोप हा एक स्वतंत्र कागद. हजेरीच्या कागदात वेळ असेल, रजेच्या कागदात कारण असेल; सर्वांचे रकाने सारखे असण्याची सक्ती नाही. लांब-आखूड कागद एकाच रुमालात बांधावेत, तसेच हे. पण यादीवाचून रुमाल म्हणजे नुसते गाठोडे. कामगाराचा क्रमांक आणि तारीख यांवर सूची केली नाही, तर हवा तो कागद वेळेला हाती लागायचा नाही.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नाही. इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या रयतेच्या हाती दफ्तराची किल्ली नव्हती. आजही ती कामगाराच्या हाती नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे: माझ्या बोटाची नोंद झाली की तिची एक प्रत मला मिळावी. निरोप माझा आहे. पोचही मला हवी.